तीन वर्षं मुरलेली साल

ज्या पत्राचं उत्तर श्रीकांतरावांनी तीन वर्षं दिलं नाही, ते वहीच्या फाडलेल्या पानावर निळ्या बॉलपेननं लिहिलेलं होतं. गंमत अशी, की ते आलं त्या दिवशी त्यांना फार आनंद झाला होता. पोस्टमन फाटकातूनच ओरडला होता, "काका, तुमाले कोनीतरी हातानं लिवलेलं पत्र आलं हो!" आणि श्रीकांतराव चपला न घालताच अंगण ओलांडून गेले होते.

तीन वर्षं झाली त्याला. तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत त्यांचं 'ऋतूचं ताट' नावाचं सदर येत असे, खाली त्यांच्या पत्त्यासकट. पांढुर्ण्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढलेल्या माणसाला खाण्यापिण्यातलं काय कळतं, असं कोणी विचारलं असतं तर त्यांनी ते लगेच कबूल करून सदर बंद केलं असतं. कोणी विचारलं नाही. निवृत्तीच्या वर्षी रद्दीत निघालेल्या पुस्तकांतून त्यांनी एक इंग्रजी पुस्तक उचलून आणलं होतं. चिनी घरांत कुठल्या ऋतूत काय खातात आणि किरकोळ दुखण्याखुपण्याला काय उकळून घेतात, याचं. कव्हर नव्हतं, पहिली आठ पानं नव्हती. पण वाचता वाचता त्यांना वाटायला लागलं, की हे तर आपल्याच भागाबद्दल लिहिलंय. उन्हाळ्यात मुगाचं पाणी. अंगात उष्णता झाली की कोहळं. थंडीत आलं. त्यांचं ते वाळवलेलं लाल फळ म्हणजे आपल्या बोराचं भावंडच. आणि संत्र्याची साल! तिकडे ती फेकत नाहीत. उन्हात वाळवून बरणीत भरतात, मुरू देतात, आणि तीन वर्षं झाली की तिला मानानं चेन्पी म्हणतात. पोट जड झालं, छातीत कफ साठला की आल्यासोबत उकळून घेतात. इकडे पांढुर्णा-सौसरकडे मोसमात सालींचे असे ढीग पडतात, की गाईसुद्धा हुंगून पुढे जातात.

श्रीकांतराव वाचत आणि त्यांच्या पत्नी अनुराधाबाई करून पाहत. नाशपाती उकडून झाली, मुगाचं पाणी झालं, खजूर आणि आल्याचा काढा झाला.

"त्या पुस्तकातल्या चिनी बाईले म्हणावं, आलं किसाले एखादा माणूसही पाठव," अनुराधाबाई म्हणत. "लिहिणारे लिहून राहिले, पण बोटं माझीच सोलून राहिली."

पण त्यांनीच त्या हिवाळ्यात सालींची बरणी भरली. झाकणाला कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख लिहिली. "तीन वर्षांनी उघडू," म्हणाल्या. "तोवर कोण राहते, कोण नाही."

सालीवरचा लेख छापून आला आणि दहाव्या दिवशी ते पत्र आलं.

'लेखक साहेबांना मोहगावच्या शकुबाईचा नमस्कार. लिहिणारी नात प्रणाली, वर्ग सातवा. तुमचं सालीचं आम्ही तीनदा वाचलं. आमच्या घरचे, म्हणजे चिंधूजी, दिवाळीपासून खोकलून राहिले. आमचा बगीचा आहे, सालीला तोटा नाही. पण मुरायला तीन वर्षं लागतात म्हणता, तर तोवर काय करावं? दुसरं, आमच्या झाडांवर फवारणी होते. ती साल चालते का? तिसरं, मुलगा हेमराज म्हणतो सौसरच्या सरकारी दवाखान्यात दाखवू. पण ते ऐकत नाहीत. ते म्हणतात, ज्या माणसाचं नाव छापून येते त्यानं जा म्हटलं तर जाईन. म्हणून तुम्हीच दोन ओळी लिहा. तुमच्या उत्तराची वाट पाहून राहिलो.'

खाली कोपऱ्यात मुलीनं एक संत्रं काढलं होतं, दोन पानांसकट.

श्रीकांतरावांनी ते पत्र अनुराधाबाईंना दोनदा वाचून दाखवलं.

"दोनच ओळी लिहायच्या आहेत," अनुराधाबाई म्हणाल्या. "चिंधूजी, दवाखान्यात जा. झालं. संध्याकाळच्या डाकेत टाका."

"असं कसं लिहिता येईल? मी काही डॉक्टर नाही."

"डॉक्टरकडे जा, एवढं सांगाले डॉक्टर कायले लागते?"

याला त्यांच्याजवळ उत्तर होतं, पण ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं.

सालीच्या त्या प्रकरणाच्या शेवटी पुस्तकात एक ओळ होती. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर हे सगळे उपाय बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावं, अशी. श्रीकांतरावांनी तिचं भाषांतर केलंही होतं. पण सदराला चारशे शब्दांची मर्यादा होती आणि लेख थोडा वाढला होता. एक वाक्य काढायला हवं होतं. उरलेल्यांत त्यांचं स्वतःचं एक वाक्य होतं, सकाळी दात घासताना सुचलेलं: 'चीनमधली आजी आणि आपली आजी एकाच उन्हात साल वाळवत असतात.' आयुष्यात त्यांना सुचलेलं ते बहुधा सगळ्यात चांगलं वाक्य होतं. त्यांनी बराच वेळ पेन्सिल हातात धरली. मग वाटलं, डॉक्टरकडे जायचं एवढं तर कोणालाही कळतं. आणि त्यांनी ती दोन आठवड्यांची ओळ गाळली.

आता उत्तर लिहायचं म्हणजे ते कबूल करणं आलं. त्यांनी लिहायला घेतलं. पहिला मसुदा तीन पानांचा झाला, त्यात चेन्पीचा इतिहासच दोन पानं होता. दुसऱ्यात फवारणीचा मुद्दा आला आणि त्यांना वाटलं, यावर कोणा जाणकाराला विचारल्याशिवाय लिहिणं बरं नाही. ज्या जाणकाराला विचारायचं, त्याच्या घरापर्यंत ते एकदा गेले आणि दारात खूप चपला दिसल्या म्हणून परत आले. तिसरा मसुदा फार कोरडा वाटला. मग एक महिना झाला. महिन्यानंतर उत्तर पाठवायचं तर आधी उशिराची माफी मागायला हवी, आणि माफी कशी मागावी याचे आणखी दोन मसुदे झाले. होळी आली. पत्र त्यांनी त्या चिनी पुस्तकात सालीच्या प्रकरणापाशी घालून ठेवलं.

"टाकलं का हो त्या मोहगावच्या बाईचं उत्तर?" अनुराधाबाईंनी एका सकाळी भाकर थापता थापता विचारलं.

"टाकलं," श्रीकांतराव म्हणाले.

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात ते बायकोशी एवढं सरळ खोटं कधी बोलले नव्हते. ते इतकं सहज निघालं, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. अनुराधाबाईंनी तव्यावरची भाकर उलटली.

गेल्याच्या आदल्या वर्षी श्रावणात अनुराधाबाई गेल्या. छातीत दुखतं म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नव्हत्या. सदर त्याच्या आधीच बंद पडलं होतं. श्रीकांतराव स्वयंपाक शिकले, म्हणजे खिचडी आणि चहा. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीकडे त्यांनी दीड वर्ष पाहिलं नाही.

या संक्रांतीनंतर एकदा मोठं पातेलं हवं होतं म्हणून ते स्टुलावर चढले. पातेल्यामागे बरणी होती. झाकणावर अनुराधाबाईंच्या अक्षरात तारीख. त्यांनी मनात हिशेब केला, तीन वर्षं होऊन चार दिवस झाले होते. बरणी उचलली तर तिच्याखाली काहीतरी घडी केलेलं होतं. वहीचं पान. निळी शाई. आणि त्या पानाच्या आत एक कोरं आंतर्देशीय पत्र.

श्रीकांतराव स्टुलावर उभेच राहिले. म्हणजे तिनं केव्हातरी त्या पुस्तकातून पत्र काढलं होतं. नाशपातीचं प्रमाण पाहायला गेली असेल. तिला कळलं होतं की उत्तर गेलेलं नाही. तिनं भांडण केलं नाही, टोमणा मारला नाही. पोस्टातून एक कोरं पत्र आणलं आणि बरणीखाली ठेवून दिलं. तीन वर्षांनी बरणी उघडायला आपण दोघं मिळून येऊ, तेव्हा याच्या हातात देऊ, असं तिच्या मनात असावं.

त्यांना बरणी उघडवली नाही. ती तशीच परत ठेवली आणि दोन्ही कागद खाली आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते सौसरला गेले आणि तिथून ऑटोनं मोहगावला. उत्तर लिहिण्याऐवजी आपण प्रत्यक्ष का निघालो, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. तीन वर्षांत काय काय झालं असेल ते समजल्याशिवाय पेन उचलणार नाही, एवढंच त्यांना कळत होतं. कापडी पिशवीत ते जुनं पत्र होतं, कोरं आंतर्देशीय होतं आणि पेन होतं.

घर सापडायला वेळ लागला नाही. ओट्यावर एक म्हातारी बाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं यांना पाहिलं आणि सूप बाजूला सारलं.

"या बापा, या. बगीचा पाहाले आले का?"

श्रीकांतरावांनी सांगायचं वाक्य बसमध्ये पाठ केलं होतं. 'मी पांढुर्ण्याचा, तो सालीवर लिहिणारा.' तोंड उघडलं, आणि "हो," एवढंच बाहेर आलं.

"हेमराज तं ड्युटीवर गेला बोरगावले. संध्याकाळी येते. मृगाचा बहार चांगला हाये औंदा, पाहून घ्या मंग. बसा. व्यापारी लोक मोटरसायकलनं येते, तुमी कसे आले?"

"ऑटोनं."

"मंग तं तुमी लहानच व्यापारी दिसता." शकुबाई हसल्या. हसता हसता त्यांना खोकला आला. तोंडाला पदर लावून त्या बराच वेळ खोकत राहिल्या, वाकून, एक हात ओट्यावर टेकवून. मग डोळे पुसले आणि आत हाक मारली, "प्रणाली, पाहुण्याईले च्या ठेव वं."

श्रीकांतराव ओसरीतल्या बाजेवर टेकले आणि पिशवी गुडघ्याशी ठेवून त्यांनी समोर पाहिलं. भिंतीवर पांढऱ्या टोपीतल्या एका माणसाचा फोटो होता. त्याला प्लास्टिकच्या झेंडूंचा हार होता.

"आमच्या घरचे," शकुबाई म्हणाल्या. "तीन वर्षं होईन जेठात."

श्रीकांतरावांनी मान हलवली. नजर फोटोवरून हटवून त्यांनी छताकडे पाहिलं. आड्याला एक गाठोडं टांगलेलं होतं, जुन्या धोतराच्या कापडाचं. शकुबाईंनी त्यांची नजर पाहिली.

"ते पाहून राहिले का? साल हाये. तुमी संत्र्यातले मानूस, तुमाले सांगतो. एका पेपरात आलं होतं. साल वाळवाची, तीन वर्षं मुरवाची, मंग थे अवशीद होते. चीनमंदी करते म्हणे. कोन्या पांढुर्ण्याच्या मानसानं लिवलं होतं. काय सुंदर लिवलं होतं! चीनची आजी अन् आपली आजी एकाच उनात साल वाळवते. मले तं तोंडपाठ हाये. या पोट्टीकडून मी दहा खेपा वाचून घेतलं. मले वाटलं, पाहा, तिकडंही कोनी माह्यासारखीच म्हातारी ओट्यावर बसून साल सोलून राहिली असंन."

प्रणाली चहा घेऊन आली. दहावीत असावी. केसांना तेल, हातावर शाईचा डाग.

"मंग पत्र लिवलं त्याईले," शकुबाई म्हणाल्या. "यांचा खोकला जाये नाई. मी म्हणो, दवाखान्यात चाला. हे म्हणे, थांब, थ्या मानसाचा जवाब येऊ दे. थो जा म्हणन तं जाईन. छापलेल्यावर लई इस्वास त्याईचा. रोज पोस्टमनले पुसो मी. पोस्टमन मले दुरून पाहून गल्ली बदले. जवाब काई आला नाई."

"पत्ता बराबर लिहिला होता मी," प्रणाली मध्येच म्हणाली. हे ती आजवर कित्येकदा म्हणून थकली असावी.

"मंग कावून नाई आला वं? पत्र पोचलं असतं तं एवढा चांगला लिवणारा मानूस जवाब दिल्याबिगर राहिला असता का? पिनकोड चुकला तुहा."

श्रीकांतरावांच्या हातात कप देताना प्रणालीनं खालच्या आवाजात सांगितलं, जणू त्यांनाच याचा निकाल द्यायचा होता, "एक आकडा मले नक्की आठवत नव्हता काका. तीन की आठ. तवा मी लहान होती ना."

पिनकोड बरोबर होता. पिशवीत, श्रीकांतरावांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, ते पान होतं.

"मग पुढं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"होळीपावतर थांबले. होळीच्या दिवशी थुकीतून रक्त पडलं. मंग हेमराजनं इचारलंच नाई, उचलून नेलं सौसरले, अन् तिथून नागपूरले. टीबी म्हणे. डाक्टर म्हणे, दीड-दोन महिने आधी आनलं असतं तं सहा महिन्याच्या गोळ्याईनं उठून बसला असता. दोनी बाजूची छाती खराब झाली होती." शकुबाईंनी सुपातल्या शेंगांवरून हात फिरवला. "आता मले एकच लागून राहते, बापा. साल तं तवाच होती घरात. मी मुरवाले ठेवली. तीन वर्षं म्हणे ना. कच्ची तं कच्ची, तवाच उकळून देल्ली असती तं वाचले असते का? तुमाले काय वाटते?"

"नाही," श्रीकांतराव म्हणाले. "नसते वाचले. सालीनं नाही."

"तुमी काय सांगान म्हना. थो लिवणाराच सांगू शकते." त्या पुन्हा खोकल्या. या वेळी जास्त वेळ. "आता मुरतच आली, तं मीच घेऊन राहिलो. दोन महिने झाले, रोज सकाळी उकळतो. वाया कायले घालवा? त्याईच्या वाट्याची हाये."

"दोन महिने खोकला आहे?"

"हो ना. थंडीचा."

"दवाखान्यात दाखवलं पाहिजे. लवकर."

शकुबाई पुन्हा हसल्या. "पाहा वं प्रणाली! हेमराज तेच म्हणते, अन् आता व्यापारीही तेच म्हणून राहिले. जाऊ ना बापा, मोसम होऊ द्या. तुमी बगीच्याचं सांगा, कवा येता?"

हीच वेळ होती. श्रीकांतरावांना ते स्पष्ट दिसत होतं. ऑटोनं आलेल्या लहान व्यापाऱ्याच्या बोलण्याला या घरात काहीच वजन नव्हतं, आणि त्या दुसऱ्या माणसाच्या एका शब्दावर ही बाई आजच्या आज उठून दवाखान्यात गेली असती. तो दुसरा माणूस इथंच बाजेवर बसून तिचा चहा पीत होता. त्यांनी कप खाली ठेवला. घसा खाकरला. प्रणालीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या भोळ्या, थकलेल्या नजरेपुढे ते पिशवी उचलून उठले.

"हेमराजना सांगा, मी... कळवतो," ते म्हणाले.

निघताना शकुबाईंनी त्यांच्या पिशवीत चार संत्री घातली. "सौदा होवो न होवो," म्हणाल्या.

सौसरच्या स्टँडवर पांढुर्ण्याची बस उभी होती. कंडक्टर दारात उभं राहून ओरडत होता. श्रीकांतरावांनी दांड्याला हात घातला, एक पाय पायरीवर ठेवला, आणि तसेच थांबले.

"चढता का काका, का नुसताच हात लावून पाहून राहिले?"

परत मोहगावला जावं, सगळं सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात आलं. पण स्वतःची त्यांना आता चांगली ओळख होती. तोंडानं सांगताना आपण ऐन वेळी कुठली ओळ गाळू, याचा काही भरवसा नाही. सकाळपासून ते गाळतच आले होते. कागदावर ठेवलेलं वाक्य मात्र तिथंच राहतं. माणसाला लाज वाटली तरी ते मान खाली घालत नाही. त्यांनी पाय खाली घेतला. बस गेली.

पोस्ट ऑफिसात दुपारची सामसूम होती. भिंतीकडेला एक टेबल, त्यावर डिंकाची बाटली आणि दोरीला बांधलेलं एक वाळलेलं पेन. श्रीकांतरावांनी स्वतःचं पेन काढलं आणि ते आंतर्देशीय पत्र उघडून समोर ठेवलं. ते एकच होतं. खिडकीतून दुसरं विकत घेता आलं असतं, पण अनुराधानं आणलेलं हेच होतं. म्हणजे मसुदा नाही, खाडाखोड नाही. पहिलं वाक्यच बरोबर यायला हवं.

'आपले पत्र यथावकाश प्राप्त झाले' असं एक वाक्य सवयीनं डोक्यात आलं. ते त्यांनी जाऊ दिलं. हे पत्र शकुबाई वाचणार नव्हत्या. प्रणाली मोठ्यानं वाचणार होती. त्या मुलीच्या तोंडून जे जायला हवं तेच लिहायचं, आणि सगळ्यात आधी तिच्यासाठी जे आहे ते. त्यांनी लिहायला सुरुवात केली.

'शकुबाईंना नमस्कार. मी पांढुर्ण्याचा श्रीकांत, सालीबद्दल लिहिणारा. तीन वर्षांपूर्वीचं तुमचं पत्र मला मिळालं होतं. चौथ्या दिवशीच मिळालं. प्रणालीनं पत्ता बरोबर लिहिला होता, पिनकोडही बरोबर होता, तीनच होता. तिचं काहीही चुकलं नव्हतं. चूक माझी. मी उत्तर लिहिलं नाही.

'पुस्तकात एक ओळ होती: खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर साल वगैरे सोडून डॉक्टरकडे जावं. मी लेख लिहिताना ती ओळ काढली, कारण जागा कमी होती आणि मला माझं दुसरं एक वाक्य ठेवायचं होतं. तुम्हाला जे वाक्य तोंडपाठ आहे, ते. तुमचं पत्र आलं तेव्हा हे सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी गप्प राहिलो.

'तुम्ही विचारलं, कच्ची साल दिली असती तर ते वाचले असते का. नाही. सालीनं टीबी बरा होत नाही, कच्चीही नाही आणि मुरलेलीही नाही. तुम्ही साल दिली नाही म्हणून ते गेले नाहीत. दवाखान्यात उशीर झाला म्हणून गेले, आणि तो उशीर माझ्यामुळे झाला. हे तुम्ही स्वतःकडे घेऊ नका.

'आता चिंधूजींना जे लिहायचं राहिलं ते तुम्हाला लिहितो. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी सौसरच्या सरकारी दवाखान्यात जा. थुंकी तपासायला सांगा. त्याला पैसे पडत नाहीत. घरात टीबी होऊन गेला आहे हे त्यांना सांगा, आणि हेमराज आणि प्रणाली यांनाही दाखवा. मोसम संपायची वाट पाहू नका. फवारलेल्या झाडाची साल उकळून पिऊ नका. ती फेकून द्या. चिंधूजी म्हणायचे की मी जा म्हटलं तर ते जातील. मी जा म्हणतो.

'आज सकाळी तुमच्याकडे आलेला व्यापारी मीच होतो. तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही. खाली माझा फोन नंबर आहे. तुम्हाला रागावून बोलायचं असेल तरी करा. मी उचलीन.'

नंबर लिहून झाला तेव्हा तळाशी दोन ओळींची जागा उरली होती. अनुराधाबद्दल लिहावं असं त्यांना फार वाटलं. तिनं हे कोरं पत्र बरणीखाली ठेवलं होतं हे, आणि बरणी अजून उघडलेली नाही हे. वाक्य जुळूनही आलं होतं, चांगलं होतं. त्यांनी पेन थोडा वेळ त्या जागेवर धरलं. मग टोपण लावलं. ती जागा कोरी राहू दिली.

डिंक लावून त्यांनी कडा दाबल्या. मोहगावचा पत्ता त्यांनी जुन्या पत्रावरून उतरवला आणि एकेका आकड्यावर बोट ठेवून दोनदा पडताळला.

"मोहगाव ना?" खिडकीतल्या बाईनं चष्म्यावरून पाहत विचारलं. "चारच्या डाकेत जाईन. उद्या भेटते त्याईले."

"नक्की उद्या?"

"काका, मोहगाव हाय का चीन हाय?"

पेटी बाहेर भिंतीत होती. श्रीकांतरावांनी पत्र आत सरकवलं आणि शेवटचं टोक काही क्षण बोटांत धरून ठेवलं. मग सोडलं. ते तोंडाशी अडकलं तर नाही ना, म्हणून त्यांनी आत बोटं घालून पाहिली. काही लागलं नाही. पत्र गेलं होतं.